फुकट माइंडमॅप टाकला खरा, आता तो निघेना

येलदरीचा पाहुणा | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. जिंतूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. सातवी-आठवीला इतिहास शिकवतो. शाळेत "सरांना कॉम्प्युटरमधलं कळतं" असा एक गैरसमज पसरलेला असल्यामुळं लॅबची किल्लीही माझ्याचकडं असते.

१७ सप्टेंबर जवळ आलाय. दरवर्षी मी मुक्तिसंग्रामाचा पट फळ्यावर काढतो. मधोमध 'हैदराबाद मुक्तिसंग्राम', एका बाजूला निजाम आणि रझाकार, दुसऱ्या बाजूला स्टेट काँग्रेस, स्वामीजी, गोविंदभाई, सरहद्दीवरचे स्वातंत्र्यसैनिकांचे कॅम्प, असं. पोरांना आवडतं. पण पुढच्या तासाला गणिताचे सर येतात आणि डस्टर फिरवतात. म्हणून यंदा ठरवलं की हा मधून फांद्या फुटणारा नकाशा, म्हणजे माइंडमॅप, कॉम्प्युटरवर करू, छापून भिंतीला लावू.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर "फ्री माइंड मॅपिंग सॉफ्टवेअर" असं शोधलं. पहिल्याच पानावर हिरवं, ताटाएवढं 'डाउनलोड' बटण होतं. दाबलं. पुढं 'नेक्स्ट, नेक्स्ट, आय ॲग्री' झालं आणि मशीनमध्ये माइंडमॅप आलाच, पण सोबत वऱ्हाडही उतरलं. ब्राउझरचं पहिलं पान बदललं, वर एक पट्टी चिकटली आणि 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ४१३ एरर आहेत, दुरुस्तीसाठी पैसे भरा' असं दर दहा मिनिटांनी ओरडणारा एक प्रोग्रॅम आला.

तेही सोसलं असतं. पण दोन आठवडे खपून नकाशा केला आणि छापायला गेलो तर आडवा करड्या अक्षरात कंपनीचा शिक्का. तो काढायचा तर पैसे. म्हणजे 'फ्री' हे फक्त आत येण्यापुरतं होतं.

कंट्रोल पॅनेलमधून काढायला गेलो तर म्हणतं, "प्रोग्रॅम चालू आहे, आधी बंद करा." अरे, कुठं चालू आहे? खिडकी एकही उघडी नाही. कसाबसा निघाला, तर रीस्टार्ट केल्यावर घड्याळाजवळ तेच चित्र पुन्हा हजर.

तर सांगा. हे मुळासकट कसं काढायचं? खरोखर फुकट असं काय टाकू? आणि नकाशात चाळीसेक मुद्दे झालेत, ते पुन्हा टाइप न करता वाचवता येतील का? मशीन जुनं आहे, विंडोज १०, चार जीबी रॅम. लाइटीचा भरवसा नाही.

---

टोपणनाव सुचेना | रात्री ९.५२

पहिला! बाकी यातलं काही कळत नाही. वाचतोय.

---

सीताफळ | रात्री १०.०५

सर, ते हिरवं बटण म्हणजे जाहिरात होती. खरं डाउनलोड खाली बारक्या निळ्या अक्षरात असतं. मीपण एकदा फसले आहे, आणि मी संभाजीनगरात रूम करून एमपीएससीचा अभ्यास करते, म्हणजे दिवसाचे बारा तास पर्यायांतून बरोबर उत्तर ओळखायचाच सराव चालू असतो.

---

आजोबा ६८ | रात्री १०.२०

कार्डशीट, स्केचपेन. दहा रुपये. काढून टाकायचे असल्यास चुलीत घालावे, मागे काही उरत नाही.

---

गोदाकाठ | रात्री १०.४८

आजोबांना साष्टांग. आता कामाचं बोलतो. (मूळचा नांदेडचा, पोटापाण्याला पुण्यात. दिवसभर हेच करतो.)

आधी नकाशा वाचवा, मग काढा. घाईत काढून बसू नका. फाइल डिस्कवर राहीलही, पण ती उघडणारा प्रोग्रॅम गेला तर तिचा उपयोग काय? तो प्रोग्रॅम उघडा, मधला मुख्य मुद्दा निवडून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करून बघा. बहुतेक माइंडमॅपवाले मुद्दे मजकूर म्हणून देतात आणि फांदीच्या खोलीप्रमाणं ओळ आत सरकलेली असते. तसं आलं तर जिंकलात. सेव्ह करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ ठेवा, नाहीतर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं येतील. ही फाइल पेनड्राइव्हवर घ्या.

मग काढणं. 'चालू आहे' म्हणतंय कारण खिडकी बंद केली तरी तो मागं बसून राहतो. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. यादीत त्याचं नाव शोधून 'एंड टास्क' करा. तिथंच 'स्टार्टअप' टॅब आहे. त्यात तो आणि ४१३ एररवाला, दोघांनाही डिसेबल करा. मग सेटिंग्जमध्ये ॲप्सची यादी उघडा, ती 'इन्स्टॉल डेट'प्रमाणं लावा. त्या एकाच तारखेला जे जे आलंय ते सगळं एका रांगेत दिसेल. तुमचं वऱ्हाड तेच. एकेकाला निरोप द्या, शेवटी रीस्टार्ट.

ब्राउझरची पट्टी मात्र अशानं जाणार नाही, ती वेगळी चीज आहे. ब्राउझरच्या एक्स्टेन्शनच्या यादीतून काढावी लागते. पहिलं पान आणि सर्च इंजिन सेटिंगमध्ये जाऊन पुन्हा लावा.

त्यानंतर विंडोजचाच डिफेंडर आहे, त्याचं 'फुल स्कॅन' रात्री लावून द्या. लाइट राहिली तर सकाळपर्यंत होईल.

नवीन काय टाकावं ते उद्या लिहितो. बायको लॅपटॉपकडं बघायलीय.

---

बालाघाटी | रात्री ११.१०

गोदाकाठ भाऊ, बायकोला सांगा की धाग्यावर समाजसेवा चालूय.

---

हिरडा बेहडा | मंगळवार, सकाळी ७.१५

एवढं कशाला? एक अनइन्स्टॉलर मिळतो फुकट. तो टाकायचा, प्रोग्रॅम निवडायचा, तो उरलेसुरले फोल्डर, रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीतल्या) नोंदी सगळं खरवडून काढतो. मी पाच वर्षं वापरतोय. वर रजिस्ट्री क्लीनर महिन्यातून एकदा फिरवायचा. मशीन लोण्यासारखं चालतं.

---

गोदाकाठ | सकाळी ९.३०

@हिरडा बेहडा, अनइन्स्टॉलरचं एक वेळ मान्य. पण सर एका फुकट सॉफ्टवेअरनं घाईला आलेत, आणि ते काढायला तुम्ही दुसरं फुकट सॉफ्टवेअर सांगताय. त्याला काढायला तिसरं कोणतं?

रजिस्ट्री क्लीनरला तर माझा साफ विरोध आहे. विंडोज ज्यांनी केलं ते मायक्रोसॉफ्टच म्हणतं की असली साधनं वापरून काही बिघडलं तर आम्ही जबाबदार नाही. रजिस्ट्रीत चार नोंदी जास्त राहिल्या म्हणून मशीन हळू होत नाही. कोपऱ्यात पडलेल्या मोकळ्या पोत्यानं घर पडतं का?

---

हिरडा बेहडा | सकाळी ९.४१

पोत्यात उंदीर होतात.

---

पेंग्विन परळीकर | सकाळी ९.५५

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). दोघंही बरोबर आणि दोघंही चूक, कारण दोघंही विंडोजवर आहेत.

लिनक्सवर फ्रीप्लेन हे माइंडमॅपचं फुकट सॉफ्टवेअर टाकायला एक ओळ: सुडो ॲप्ट इन्स्टॉल फ्रीप्लेन. काढायला: सुडो ॲप्ट रिमूव्ह फ्रीप्लेन. हिरवं बटण नाही, वऱ्हाड नाही. डेबियन, उबुंटू या लिनक्सांच्या भांडारातच आहे ते.

---

टोपणनाव सुचेना | सकाळी १०.०२

आले. प्रत्येक धाग्यावर एक लिनक्सवाला येतोच. मी घड्याळ लावून बसलो होतो, बारा तास तीन मिनिटं.

---

गोदाकाठ | सकाळी १०.१५

@पेंग्विन, 'रिमूव्ह'नं सेटिंगच्या फाइली राहतात, त्याला 'पर्ज' लागतं. आणि पर्ज केलं तरी तुमच्या होम फोल्डरमधलं लपलेलं कॉन्फिग तसंच राहतं, ते हातानंच काढायचं. म्हणजे पोतं तुमच्याकडंही आहे.

---

पेंग्विन परळीकर | सकाळी १०.२०

मान्य. पण उंदीर नाहीत.

---

बालाघाटी | दुपारी १.३०

काढण्यावरनं आमच्या घरातलं एक महाभारत सांगतो. तेवढंच जेवताना वाचायला.

आमचा थोरला भाऊ बीडला ठेकेदारी करतो. रस्ते, नाल्या, असली कामं. ऑफिसला एकच कॉम्प्युटर. मी दिवाळीला गेलो तेव्हा पुतणीला अभ्यासाला म्हणून फ्रीमाइंड हे माइंडमॅपचं सॉफ्टवेअर टाकून दिलं होतं. ते जावा नावाच्या दुसऱ्या एका सॉफ्टवेअरच्या आधारानं चालतं, म्हणून जावाही बघितलं, होतंच मशीनमध्ये. छान चाललं. पुतणी दहावी होऊन गेली लातूरला, तेव्हा वहिनी म्हणल्या, "भाऊजी, ते चित्राचं काढून टाका, उगं जागा खायलंय." मी लई शहाणा. फ्रीमाइंड काढलं, आणि 'आता जावा कामून ठेवायचं' म्हणून तेबी काढलं. कंट्रोल पॅनेल कसं स्वच्छ दिसायलं! चहा घेतला, गावाकडं निघालो.

मांजरसुंब्याच्या घाटात होतो तेव्हा भावाचा फोन. सरकारी टेंडर भरायचा शेवटचा दिवस. डिजिटल सहीचं टोकन लावलंय, पोर्टल म्हणतंय जावा नाही. "तू काय केलास रे मशीनला?" पुढचे शब्द इथं लिहिता येत नाहीत, संपादक मंडळ धागा उडवतील.

घाटातच गाडी बाजूला घेतली, फोनवर सांगून सांगून ऑफिसातल्या पोराकडून जावा पुन्हा टाकून घेतलं. ते बत्तीस बिट की चौसष्ट बिट, यात अर्धा तास गेला. वेळ संपायला वीस मिनिटं राहिली तेव्हा सही झाली. टेंडर मिळालं नाही ती गोष्ट वेगळी, दर जास्त गेला होता. पण आजही घरात काही हरवलं की म्हणतात, "याला विचारा, यानं अनइन्स्टॉल केलं आसंल."

तर सर, एका तारखेला आलेलं सगळं काढा, पण जे आधीपासून होतं त्याला हात लावू नका. जावा दुसरं कोण वापरतंय हे तुम्हाला माहीत नसतं.

---

सीताफळ | दुपारी १.५०

"याला विचारा, यानं अनइन्स्टॉल केलं आसंल" 😂😂 रूममध्ये सगळ्या बघायला लागल्या.

---

गोदाकाठ | दुपारी ३.१०

बालाघाटी भाऊंनी माझं अर्धं काम केलं. आता टाकण्याचं.

फ्रीमाइंड हे जुनं आणि प्रसिद्ध नाव. त्याच्या विकासकांपैकी दिमित्री पोलिवायेव्ह यांनी त्यातूनच वेगळी फांदी काढली, ती म्हणजे फ्रीप्लेन. दोन्ही जीपीएल परवान्याची, म्हणजे शिक्का नाही, मुदत नाही, शाळेत शंभर मशीनवर टाकलं तरी कुणी विचारणार नाही. आज टाकायचं तर फ्रीप्लेन, कारण त्यावर अजून काम चालू आहे.

विंडोजसाठी त्याचे दोन इन्स्टॉलर असतात, एक जावासकट आणि एक जावाशिवाय. नावातच 'विथ जावा' लिहिलेलं असतं. तो घ्या. जावा त्याच्याच फोल्डरात राहतं, मशीनमधल्या बाकी जावाशी देणंघेणं नाही, आणि फ्रीप्लेन काढलं की त्याच्यासोबतच जातं. बालाघाटींचा घाट टळतो. मशीन चौसष्ट बिट आहे का ते आधी बघा, 'धिस पीसी'वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज.

त्याहून सोपं म्हणजे पोर्टेबल आवृत्ती. तिला इन्स्टॉल करावंच लागत नाही. पेनड्राइव्हवर फोल्डर सोडायचं, त्यातनं चालवायचं. नको झालं की फोल्डर डिलीट. लॅबमध्ये दहा मशीन असतील तर दहा वेळा नेक्स्ट-नेक्स्ट करायला नको.

आणि तुमचे चाळीस मुद्दे: फ्रीप्लेन उघडा, नवा नकाशा घ्या, मधल्या मुद्द्यावर उभं राहून ती नोटपॅडची यादी सरळ पेस्ट करा. ओळ जितकी आत, तितकी फांदी खोल. चाळीसच्या चाळीस जागेवर बसतील. पुढं 'टॅब'नं पोटमुद्दा, 'एंटर'नं शेजारचा मुद्दा, 'एफ टू'नं दुरुस्ती, स्पेसनं फांदी मिटते-उघडते. माउस लागतच नाही.

फाइल 'डॉट एमएम' नावानं सेव्ह होते. ती आतून साधी एक्सएमएल, म्हणजे मजकुराची फाइल आहे. उद्या फ्रीप्लेन जगातून गेलं तरी त्यातनं तुमचा मजकूर बाहेर काढता येईल. मी फुकट सॉफ्टवेअर निवडताना किंमत नंतर बघतो, आधी हे बघतो: माझं सामान घेऊन बाहेर पडायला दार आहे का?

---

डीटीपीवाला | दुपारी ४.००

लातूरला गंजगोलाईजवळ दुकान आहे. लग्नपत्रिका, कार्यअहवाल, वाढदिवसाचे फ्लेक्स. एक गोष्ट कुणीच बोललं नाही, ती म्हणजे अक्षर.

माझ्याकडं एक मॅडम असा नकाशा घेऊन आल्या होत्या. क्रुती देवमध्ये टाइप केलेला. त्यांच्या मशीनवर मराठी, माझ्या मशीनवर 'ejkBh'ची भाषा, म्हणजे नुसता कचरा. (देवनागरी सोडून तेवढंच एक लिहिलं, पोटतिडकीनं.) श्रीलिपी, क्रुती देव, शिवाजी, हे आमच्या धंद्याचे जुने फॉन्ट. त्यात मुळात इंग्रजी अक्षरं असतात, त्यांच्यावर मराठीचा मुखवटा. सर, तुम्ही युनिकोडमध्येच टाइप करा. विंडोजमध्ये निर्मला यूआय असतो, तोच फॉन्ट नकाशाच्या डिफॉल्ट स्टाइलला लावून टाका. म्हणजे प्रत्येक मुद्द्याला वेगळा लावत बसायला नको. 'क्ष', 'त्र', 'र्‍या' आणि 'ज्ञ' असलेला एक शब्द लिहून बघा, नीट दिसला तर पुढं जा.

छापायला देताना मला एमएम फाइल आणू नका. पीएनजी मोठ्या आकारात काढून आणा, अक्षर जसं दिसतं तसंच छापलं जातं. ए-३वर घ्या. ए-४वर चाळीस मुद्दे म्हणजे पोरांना भिंग द्यावं लागेल.

---

सोनपापडी | संध्याकाळी ६.२५

मी संभाजीनगरला बीएडला शिकवते. सगळे सॉफ्टवेअरवर तुटून पडलेत म्हणून थोडं मूळ विषयावर. (अवांतर वाटलं तर सोडून द्या.)

माइंडमॅप हे नाव टोनी बुझान यांनी १९७०च्या दशकात लोकप्रिय केलं. त्याच दशकात कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक यांनी 'कन्सेप्ट मॅप' मांडला. दिसायला सारखे, पण फरक आहे. माइंडमॅप झाडासारखा, मधून फांद्या. कन्सेप्ट मॅपमध्ये रेघेवरही शब्द असतो, 'यामुळे', 'याला विरोध म्हणून', आणि एक कल्पना कितीही ठिकाणी जोडता येते. त्यासाठी सीमॅपटूल्स म्हणून मोफत सॉफ्टवेअर आहे.

आता काडी टाकते. २०११ साली 'सायन्स' या नियतकालिकात कार्पिकी आणि ब्लंट यांचा एक प्रयोग आला होता. एका गटानं धडा समोर ठेवून कन्सेप्ट मॅप काढला. दुसऱ्यानं धडा वाचून, मिटवून, आठवेल ते लिहिलं. आठवड्यानं चाचणी घेतली तर दुसरा गट पुढं होता. म्हणजे सर, तुम्ही सुंदर नकाशा काढून भिंतीला लावलात तर अभ्यास तुमचा होईल. पोरांना कोरा कागद द्या, आठवून काढू द्या, आणि मग तुमच्या नकाशाशी ताडून बघू द्या.

---

आजोबा ६८ | संध्याकाळी ६.४०

कार्डशीट, स्केचपेन.

---

सोनपापडी | संध्याकाळी ६.४४

काका, तुमच्याच बाजूनं बोलले मी!

---

हिरडा बेहडा | संध्याकाळी ७.००

मग एवढं डाउनलोड कशाला करायलोत आपण? 😀

---

येलदरीचा पाहुणा | रात्री ८.१५

मंडळी, इतके प्रतिसाद! आज लाइट दुपारीच गेली, त्यामुळं मशीनला हात लागला नाही. उद्या करतो. तोवर नकाशातले मुद्दे मोबाइलवरनं लिहितो, आजोबांनी आणि इतरांनी चुका काढाव्यात:

मधोमध: हैदराबाद मुक्तिसंग्राम, १९४७-४८.
संस्थान: निजाम मीर उस्मान अली, मराठवाड्याचे आठ जिल्हे, तेलंगणा, कर्नाटकचा भाग.
रझाकार: कासीम रझवी.
लढा: स्टेट काँग्रेसची स्थापना १९४७, स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ, सरहद्दीवरचे कॅम्प.
शेवट: पोलीस ॲक्शन (भारत सरकारची लष्करी कारवाई), १३ ते १७ सप्टेंबर १९४८.

(पोटमुद्दे गाळलेत.)

---

आजोबा ६८ | रात्री ८.५०

अंबाजोगाईस छत्तीस वर्षे इतिहास शिकवला, म्हणून बोलतो. राग मानू नये.

एक. आठ जिल्हे तेव्हा नव्हते. संस्थानात सोळा जिल्हे होते, त्यांतले मराठी पाच: औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद. जालना १९८१ला झाला, लातूर १९८२ला, हिंगोली १९९९ला. विद्यार्थी हमखास इथे चुकतात, शिक्षकाने चुकू नये.

दोन. स्टेट काँग्रेस १९४७ची नव्हे, १९३८ची. स्थापनेच्या आधीच तिच्यावर बंदी आली आणि त्याच वर्षी सत्याग्रह झाला. वंदे मातरम् चळवळही १९३८चीच. वसतिगृहात गीत म्हटले म्हणून विद्यार्थ्यांना काढून टाकले, त्यांतले बरेच नागपूर विद्यापीठात गेले. सातवी-आठवीच्या मुलांना हे सांगा, त्यांच्याहून थोडीच मोठी मुले होती ती. त्याच्याही आधी १९३७ला परतूरला महाराष्ट्र परिषद भरली. तेव्हा मधोमध '१९४७-४८' लिहून कसे चालेल?

तीन. निजाम आणि भारत सरकार यांच्यातला नोव्हेंबर १९४७चा जैसे थे करार कुठे आहे? तो नसेल तर पोलीस ॲक्शन सप्टेंबर १९४८पर्यंत का थांबली, हे मुलाला कळणार नाही.

---

डीटीपीवाला | रात्री ९.०५

रझवी आमच्या लातुरात वकिली करायचा, तेही लिहा. चांगलं नाही, पण खरं आहे.

---

बालाघाटी | रात्री ९.१२

आणि लढ्याच्या पैशासाठी स्वातंत्र्यसैनिकांनी लुटलेली उमरीची बँक? जानेवारी १९४८. ती नसेल तर नांदेडवाले धागा पेटवतील.

---

गोदाकाठ | रात्री ९.१३

पेटवायला आलोच होतो.

---

सीताफळ | रात्री ९.३०

सर, पण उमरी बँक कुठल्या फांदीला लावणार? 'सरहद्दीवरचे कॅम्प' की 'लढ्यासाठी पैसा'? तो पैसा कॅम्पसाठीच होता. मी नोट्स काढताना दर वेळी इथंच अडकते. झाडाला फांदी एकच, आणि घटना दोन ठिकाणची.

---

सोनपापडी | रात्री ९.४०

+१. ह्याचसाठी नोव्हाक!

---

गोदाकाठ | रात्री ९.५५

फ्रीप्लेनमध्ये दोन वाटा आहेत. एक म्हणजे दोन मुद्द्यांमध्ये बाणाची रेघ, तिच्यावर शब्दही लिहिता येतो. दुसरी 'क्लोन'. तोच मुद्दा दोन फांद्यांवर ठेवायचा आणि एकीकडं दुरुस्त केला की दुसरीकडं आपोआप दुरुस्त. पण छापायच्या नकाशात बाण बरा. पोरांना दिसतो.

---

पेंग्विन परळीकर | रात्री १०.१०

आमचे आजोबा वहीत घराण्याची वंशावळ काढायचे. मामाची मुलगी घरात दिली की असाच घोळ, एक माणूस दोन फांद्यांवर. ते तांबड्या शाईनं रेघ मारायचे. बाणच तो.

---

टोपणनाव सुचेना | रात्री १०.१५

आता समजायला लागलं. वाखु (वाचनखूण) साठवली.

---

येलदरीचा पाहुणा | गुरुवार, रात्री ८.३०

अहवाल.

नोटपॅडमध्ये मुद्दे आले, फांदीप्रमाणं आत सरकूनच आले. गोदाकाठ सर, पाया पडतो. टास्क मॅनेजरमध्ये त्याचे एक नाही, दोन अवतार होते, एकाला मारलं की दुसरा त्याला उठवायचा. दोघांनाही स्टार्टअपमधून बंद करून रीस्टार्ट केलं, मग काढलं. निघताना "तुम्ही आम्हाला का सोडताय?" असा फॉर्म आला. भरला नाही. एका तारखेची यादी लावली तर चार पाहुणे निघाले, चौथ्याचा तर मला पत्ताच नव्हता. जावाला हात लावला नाही. ॲपडेटा या विंडोजच्या लपलेल्या फोल्डरमध्ये त्यांच्या नावाचं एक फोल्डर उरलं होतं, ते डिलीट केलं. रजिस्ट्रीत गेलो नाही. हिरडाभाऊ, उंदीर झाले तर कळवतो.

फ्रीप्लेन पोर्टेबल पेनड्राइव्हवर घेतलं. जुन्या मशीनवर उघडायला जरा वेळ घेतं, उघडल्यावर मात्र बरं पळतं. दोनदा लाइट गेली. दुसऱ्यांदा सेव्ह केलेलं नव्हतं, जैसे थे करार पुन्हा करावा लागला.

आजोबांच्या सगळ्या दुरुस्त्या घेतल्या. मधोमध आता नुसतं 'हैदराबाद मुक्तिसंग्राम', साल नाही. जिल्हे पाच. सोनपापडी ताईंचं ऐकून पोरांना आधी कोरे कागद दिले. चोवीस पोरांपैकी फक्त एका पोरीनं उमरी बँकेपासून दोन रेघा काढल्या. तिला विचारलं कामून, तर म्हणाली, "पैसे एकीकडून आणले आन् दुसरीकडं गेले ना सर." नकाशात बाण तिचाच ठेवलाय.

आज एक गंमत झाली. हेडसरांनी बोलावलं. म्हणे माझ्याही कॉम्प्युटरवर काहीतरी एरर दाखवायलंय, बघा जरा. जाऊन बघितलं तर तोच प्रोग्रॅम, तीच खिडकी. एरर किती? बरोबर ४१३.

---

गोदाकाठ | रात्री ८.४१

दोन वेगळ्या मशीनवर एकच आकडा! 😂 म्हणजे मोजतबी नाही तो, नुसतं लिहून ठेवलंय. हेडसरांनी पैसे तर भरले नाहीत ना?

---

येलदरीचा पाहुणा | रात्री ८.५०

खिडकीच्या कोपऱ्यात 'प्रो' लिहिलेलं होतं. विचारायची हिंमत झाली नाही.